पाणी तोडा की!

फिनिक्सच्या आसपास मराठी माणसाने घर घेतलं की परसात काय लागणार, हे वास्तुशांतीच्या आधीच ठरलेलं असतं. तुळस, मोगरा, कढीपत्ता आणि डाळिंब. पैकी पहिली तिघं या वाळवंटात मनापासून राजी नसतात. मोगरा कळी धरेपर्यंत होरपळतो. तुळस उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी मान टाकते आणि घरातल्यांना उगाचच पापी वाटायला लागतं. कढीपत्ता तर जन्माचा आजारी. मे महिन्यापासून त्याच्यावर सावली धरायची आणि जानेवारीत पारा गोठणबिंदूकडे निघाला की रात्री त्याच्या अंगावर सोलापुरी चादर टाकायची. मी असा माणूस पाहिलाय, जो पहाटे उठून स्वतःच्या वडिलांना फोन करायच्या आधी कढीपत्त्याची विचारपूस करतो.

या तिघांची उस्तवार करून करून माणसाची पक्की समजूत होते की झाड म्हटलं की सेवा आलीच. त्याच समजुतीने तो डाळिंबाकडे वळतो आणि गोची तिथेच होते. डाळिंबाला सेवा नको असते.

आधीच सांगून टाकतो, माझ्या परसात डाळिंब नाही. चँडलरच्या आमच्या गल्लीत इतक्या घरांत ते आहे की मला लावायची गरज पडली नाही. शिवाय स्वतःचं झाड नसलं की मत मोकळेपणाने देता येतं. साहित्यातही हीच पद्धत आहे.

तर इथलं हवामान. वर्षाचा पाऊस साधारण 180 मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीला, ज्यांचं नाव दुष्काळाशिवाय कोणी घेत नाही, त्यांनासुद्धा याहून बराच जास्त मिळतो. 26 जून 1990 ला इथे पारा 122 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 50 अंशांवर गेला होता. 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस तो 110 च्या, म्हणजे 43 अंशांच्या खाली उतरलाच नाही. जून ते सप्टेंबर घरातला थंड पाण्याचा नळ नावापुरता थंड असतो. अंगणातल्या रबरी नळीतलं पहिलं पाणी तर अंगावर घेतलं तर भाजतं, आधी ते सोडून द्यावं लागतं. 2023 मध्ये साग्वारो, म्हणजे सिनेमात काउबॉयच्या मागे हात वर करून उभे असतात ते उंच निवडुंग, त्यांचेही हात गळून पडले, काही मुळासकट कोसळले. या वाळवंटाचे ते मूळ रहिवासी. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली डाळिंबं पानं जराशी आवळून, फुलं टाकून देऊन, बाकी सगळी शाबूत उभी होती. मालक मात्र एसीत आजारी पडले.

यात नवल नाही. डाळिंब मूळचं इराण आणि त्याच्या आजूबाजूच्या कोरड्या मुलखातलं. कडक ऊन, चिमूटभर पाऊस आणि हाडात शिरणारी थंडी हे त्याचं माहेर. अमेरिकेत ते स्पॅनिश लोकांबरोबर आलं. फादर कीनो नावाचा जेझुइट धर्मगुरू 1687 मध्ये या सोनोरन वाळवंटात उतरला आणि त्याच्या मिशनांभोवती अंजीर, बिही, डाळिंब अशा फळझाडांच्या बागा होत गेल्या. टूसॉनच्या मिशन गार्डनमध्ये त्या जुन्या झाडांचे वंशज आजही जपून ठेवलेत. म्हणजे हे झाड इथे ॲरिझोना राज्य होण्याच्या किती तरी आधीपासून आहे. त्याच्या हिशेबी आपण सगळे परवा आलेले.

पण हे आमच्या शेजारच्या इंजिनिअरला कोण सांगणार? तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे धुळीचा एक कण पडला तरी बैठक बसते. त्याने डाळिंब लावलं तेही त्याच शिस्तीने. मातीचा सामू तपासला, ओलाव्याचं यंत्र खुपसलं, आणि ठिबकला असा कंट्रोलर बसवला की जो हवामानखात्याचा अंदाज वाचून पाणी कधी सोडायचं ते स्वतः ठरवतो आणि फोनवर कळवतो. भर मीटिंगमध्ये त्याच्या खिशात झाड वाजायचं. इतकं सगळं असून झाडाची पानं पिवळी, शेंडे सुकलेले, फळ नावाला. त्याने निदान केलं: पाणी कमी पडतंय. वाढवलं. पानं आणखी पिवळी झाली. आणखी वाढवलं.

त्याच सुमाराला त्याचे वडील सांगोल्याहून काही महिन्यांसाठी आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सांगोल्याला त्यांची डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोग, मर रोग, अवकाळी आणि व्यापारी या चारही आपत्ती पचवून ती उभी आहे, आणि काकाही. घरात पाऊल टाकून, चहा न घेता ते परसात गेले. झाडाकडे पाहिलं, वाकून बुंध्याशी बोट खुपसलं, चिखल निघाला तो मुलाला दाखवला आणि अमेरिकेतलं पहिलं वाक्य बोलले.

"आरं, पानी तोड की!"

त्यानंतर त्यांनी लांबून नजर फिरवली ती पुढच्या अंगणाकडे. फिनिक्समध्ये पाणी वाचवायला लोक हिरवळ काढून अंगणात खडी पसरतात. चांगली महाग असते, रंग निवडून घ्यायची. मुलाने आणलेल्या खडीची किंमत काकांनी विचारली, रुपयांत केली आणि पायरीवर बसून घेतलं. "आमी सारा जलम रानातलं दगडं येचली," ते म्हणाले, "आन ह्यो पैसं दिऊन टाकतोय!"

दुसऱ्या दिवशी काकांनी झाडाभोवती उकरायला सुरुवात केली. हातभर खाली पहार टणकन वाजली. इथल्या लोकांना या थराचं भारी कौतुक, त्याला कलीची म्हणतात, तो फोडायला खडक फोडायचं यंत्र भाड्याने आणतात आणि त्याचे फोटो टाकतात. काकांनी एक ढेकूळ उचलून उन्हात धरलं. "चुनखडी हाय ही." पुढचं त्यांना पाठ होतं. चुनखडी खाली असली की पाणी तिच्यावर साचतं, मुळ्या गुदमरतात, लोह उचलत नाहीत, पानं पिवळी पडतात आणि शहाणा माणूस अजून पाणी देतो. खड्डा करायचा तर आधी तो पाण्याने भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत जिरलं तर झाड लावायचं, नाही तर थर फोडून वाट काढायची. मुलाने ही परीक्षा घेतली नव्हती. त्याने फक्त सामू पाहिला होता, आणि तो चांगला दोन दशांशांपर्यंत.

काकांनी दोन-तीन दिवसांत पहारीने थराला भोकं पाडली. ड्रिपर बुंध्याला चिकटलेले होते, झाड वाढलं तरी जिथल्या तिथेच, ते काढून पानांच्या घेराखाली सरकवले. "खायाची मुळं तिकडं, आन तुजं पानी हिकडं," एवढंच स्पष्टीकरण. मग उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण खोल जाईल असं पाणी ठरलं. कंट्रोलरने याला तीनदा हरकत घेतली. काकांनी त्याची वायर काढली.

झाड महिन्या-दोन महिन्यांत सुधारलं. घरातली माणसं मात्र बिघडली. कारण आता करायला काही उरलं नाही. सूनबाई सकाळी चहा घेऊन परसात यायच्या आणि जमिनीवर पडलेली लाल फुलं गोळा करून ताटलीत ठेवायच्या. दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ताटलीचा फोटो जायचा. खाली पन्नास उपाय यायचे. कुणी ताक ओता म्हणे, कुणी गोमूत्र, कुणी मृत्युंजय मंत्र. काकांनी ताटलीतली फुलं बोटाने उलटसुलट केली. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक बुडाशी फुगीर, सुरईच्या घाटाचं, त्याचं फळ होतं. दुसरं खालून निमुळतं, त्यात फळ धरायची सोयच नसते, ते फुलून गळतं. ताटलीत सगळी दुसऱ्या जातीची होती. "नर कळी हाय ती," काका म्हणाले. "तिला गळू द्या. तुमी निजा."

काकांची खरी अडचण वेगळीच होती. त्यांना झाडावर रोग सापडेना. रोज सकाळी चष्मा पुसून ते पान न् पान उलटायचे, उन्हाकडे धरून तेलकट डाग शोधायचे. तेल्याला दमट हवा आणि पावसाचे शिंतोडे लागतात. इथे हवेत ओलावा असा की धुतलेला टॉवेल पिळायच्या आधी वाळतो. डाग काही मिळेना. इतकी वर्षं ज्याच्याशी हाडवैर केलं तो शत्रूच गावात राहत नाही म्हटल्यावर माणूस कसा बसून राहील? काका दुपारी झोपेनासे झाले. काकूंनी माझ्या बायकोला हळूच विचारलंही, की इथे एखादा बारीकसा रोग मिळेल का.

मिळाला. जुलैत एक किडा आला. राखाडी-तपकिरी, मागच्या पायांना पानासारखा चपटा पसारा, चालला की पायात पायजमा घातल्यासारखा वाटतो. हे टोळीने फळावर बसतात, सोंड आत घालून दाण्यांतला रस ओढतात आणि बाहेरून काही कळत नाही. फळ फोडावं तर आत सगळं कोमेजलेलं. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी आधी फवारणीचा विचार केला, पण मुलांच्या खेळण्यापाशी औषध नको म्हणून सूनबाईंनी हाताने वेचायचा मार्ग काढला. हे किडे पहाटे गारठ्याने सुस्त असतात. गारठा म्हणजे 32 अंश. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात सव्वापाच-साडेपाचलाच उजाडतं. त्या वेळी शेजारच्या परसात असा देखावा असायचा: काका बॅटरी धरून, इंजिनिअर गाडीतला छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन किडे ओढतोय, आणि काकू चिमट्याने एकेक उचलून साबणाच्या पाण्यात सोडतायत. तोंडाने रामरक्षा चालू. मी खिडकीतून विचारलं, "काकू, हे कुणासाठी?" "त्यांच्यासाठीच," त्या म्हणाल्या. "गती मिळावी."

ऑगस्टमध्ये पाऊस. इथे 15 जून ते 30 सप्टेंबर हा कागदोपत्री मान्सून असतो. आधी धुळीची भिंत येते, गावाएवढी उंच, मग चौकाच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं. काका या दिवसांत मुलीकडे डॅलसला गेले होते आणि त्या फटीत इंजिनिअरने कंट्रोलरची वायर परत जोडली होती. कंट्रोलरने चाळीस टक्के पावसाची शक्यता वाचली आणि पाणी बंद केलं. पाऊस पलीकडच्या चौकात पडला. पुन्हा शक्यता, पुन्हा बंद. मग तूट लक्षात येऊन त्याने एका रात्रीत सगळी भरपाई करून टाकली. तहानलेल्या फळात दाणे एकदम फुगले, सालीला ताणायला वेळ मिळाला नाही, आणि सकाळी निम्मी फळं उभी चिरली होती.

काका परतले. चिरलेलं फळ हातात घेऊन बराच वेळ बसले. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्हीच सांगता ना, डाळिंबाला ताण द्यायचा."

"ताण बहार धरायच्या आदी देत्यात," काका म्हणाले. "फळ अंगावर आसताना न्हाय. ह्यो ताण न्हाय, ह्यो छळ हाय."

ताणाचं प्रकरण थोडं समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे डाळिंबाला वर्षभरात केव्हाही फुलायची खोड. म्हणून शेतकरी आंबे, मृग किंवा हस्त यांपैकी एक बहार निवडतो, महिना-दीड महिना पाणी तोडतो, औषध मारून पानं गाळतो, छाटतो, आणि मग खत-पाणी देऊन झाडाला जागं करतो. खर्च आहे, जोखीम आहे, रात्रीची झोपमोड आहे. चँडलरमध्ये डिसेंबर आला आणि झाडाने पानं पिवळी करून स्वतःच गाळून टाकली. हिवाळा पडला की ते झोपतं, वसंतात उठतं, बहार एकच. काका काठीसारख्या फांद्यांकडे बघत उभे. "फुकट पानगळ?" त्यांनी वहीत एकरी औषधाचा खर्च मांडला आणि त्यापुढे शून्य लिहून ते दोनदा गिरवलं.

याच पानगळीवरून गल्लीच्या टोकाच्या घराला पत्र आलं. अमेरिकेत घर तुमचं असलं तरी समोरचं अंगण वसाहतीच्या समितीचं असतं. दारावर कुठला रंग, कचऱ्याचा डबा किती वाजता आत, सगळं त्यांच्या नजरेत. पत्रात होतं, दर्शनी भागातलं मृत झाड चौदा दिवसांत काढावं. मालकीणबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी चार पानी उत्तर पाठवलं. सदर झाड मृत नसून निद्रिस्त आहे, फांदीची साल नखाने खरवडल्यास आत हिरवं दिसेल, समितीने समक्ष येऊन खरवडून पाहावं, मात्र दुपारी एक ते चार येऊ नये. समिती आली नाही.

वाण हा आमच्या इथल्या मराठी मंडळातला हळवा विषय. इथल्या रोपवाटिकांत मिळतं ते बहुधा वंडरफुल. फ्लोरिडातून आलेल्या काडीवरून 1896 मध्ये ते कॅलिफोर्नियात वाढवलं गेलं, आणि आज अमेरिकेचं डाळिंब म्हणजे तेच. मोठं, लालभडक, आंबटगोड आणि बी टणक. काकांनी पहिला घास घेतला, चावला, आणि सभ्यपणे बाजूला बघितलं. मग राहुरीच्या विद्यापीठातला भगवा, त्याआधीचा पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ चीमासाहेबांनी निवडलेला गणेश, मऊ बी, दाण्याचा रंग, यावर अर्धा तास बोलले. भगव्याचं गुटी कलम आणता आलं असतं, ही त्यांची खंत होती. पण विमानतळावर वास घेणारे बीगल कुत्रे असतात आणि रोप लपवून आणणं गुन्हा आहे, हे मुलाने निघतानाच बजावलं होतं. काकांनी नियम पाळला. मंडळात मात्र दर गणपतीत कुणीतरी कोपऱ्यात नेऊन सांगतंच, "आमचा भगवा आहे बरं का. कुठून आणला ते विचारू नका." मी त्या भगव्याची फळं खाल्ली आहेत. बी टणक होतं.

ऑगस्टमध्ये चिरण्यातून वाचलेल्या फळांवर पुढचं संकट उन्हाचं. पश्चिमेकडच्या फळांची साल भाजून करपते. म्हणून लोक झाडावर जाळी ताणतात, आणि पाखरं-खारी नकोत म्हणून एकेका फळाला लग्नातल्या भेटवस्तूंची झिरझिरीत पिशवी बांधतात, दोरीसकट. सोनेरी पिशव्या घाऊक स्वस्त मिळतात. सप्टेंबरात आमच्या गल्लीतून नवखा माणूस गेला तर कुणाचं तरी लग्न आहे म्हणून आत जाईल.

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढं गोड झालं तेवढंच. म्हणून थांबावं लागतं, आणि थांबणं हीच एक गोष्ट या परसांतल्या लोकांना येत नाही. कुणी ऑगस्टमध्येच तोडतो, तोंड वाकडं करतो आणि खत बदलतो. काका रोज फळावर टिचकी मारून ऐकायचे. कच्चं फळ दबकं बोलतं, पिकलेलं धातूसारखं वाजतं. मुलाने फोनवर दोन्ही आवाज टिपून घेतले आणि त्यांचा आलेख काढला. काकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हां, बरुबर हाय," आणि पुन्हा टिचकी मारायला गेले.

मग ऑक्टोबर. सगळ्यांचं एकदम निघतं. प्रत्येकाकडे पाट्या भरून, आणि ज्याला द्यावं त्याच्याकडेही पाट्या भरून. त्या महिन्यात आमच्याकडे दार वाजलं तर आधी भोकातून बघतात, कारण हातात पिशवी असली तर उघडायचं नसतं. एकत्र जेवणाला दहीभातात डाळिंब, कोशिंबिरीत डाळिंब, पोह्यांवर डाळिंब, आणि एकदा कुणीतरी पुरणपोळीसोबत. दाणे काढण्याच्या पद्धतीवरून नवरा-बायकोत अबोले होतात. अर्धं कापून पालथं धरून चमच्याने बडवायचं हा एक पंथ, पाण्यात बुडवून मोकळं करायचं हा दुसरा, आणि वरचा मुकुट काढून पांढऱ्या शिरांवर हलक्या चिरा देऊन हाताने उलगडायचं ही काकूंची पद्धत. तिच्यात एक थेंब सांडत नाही, म्हणून ती कोणालाच आवडली नाही.

काकांनी जायच्या आधी एकदा दुकानात डाळिंबाचा भाव पाहिला. एका फळाला अडीच डॉलर. किलोला नव्हे, एका फळाला. परत येताना गाडीत ते काही बोलले नाहीत. रात्री वही उघडली. एका झाडाची फळं, गुणिले अडीच, गुणिले डॉलरचा भाव. वजा फवारणी, शून्य. वजा पानगळ, शून्य. वजा व्यापाऱ्याची कटती, शून्य. मजुरी, मुलगा आहेच.

परवा सांगोल्याहून त्यांचा फोन आला होता, माझ्याकडे, मुलाला न सांगता. तब्येतपाणी झालं. बागेला ताण दिलाय, पानगळ चालू आहे, औषधाचे भाव वाढलेत. मग जरा थांबून त्यांनी आवाज खाली घेतला.

"तुमच्या पलीकडचा त्यो मोकळा प्लॉट हाय न्हवं, खडी न टाकलेला," ते म्हणाले. "त्येचा मालक कोन हाय, जरा इचारून ठेवा."